जेल लावूनही झुरळं का जात नाहीत? कारण त्यांच्या सोयरिकीत दडलंय

वसई, नालासोपारा, विरार, कुठल्याही बिल्डिंगमध्ये विचारा, ही तक्रार ऐकायला मिळेलच. जेलची ट्यूब आणली, ट्रॉलीच्या कोपऱ्यात, बिजागरीजवळ, फ्रिजच्या मागे ठिपके लावले. पहिले आठ-दहा दिवस मेलेली झुरळं झाडून काढता काढता कंटाळा आला. महिना-दीड महिन्याने रात्री पाणी प्यायला उठून लाईट लावली, तर ओट्यावर परत तीच पळापळ. दुकानदार म्हणतो, माल डुप्लिकेट आला असेल. शेजारीण म्हणते, तुमच्याकडे भांडी रात्रभर पडून असतात. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी बोरिक पावडरच बरी होती.

तिघांच्याही म्हणण्यात थोडंथोडं तथ्य असू शकतं. पण आणखी एक कारण आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत आहे. ते समजून घ्यायचं तर झुरळांमध्ये नर आणि मादी जोडी कशी जमवतात, ते बघावं लागतं. विषय ऐकून कुणाला अवघडल्यासारखं होईल. पण अकरावीच्या जीवशास्त्रात झुरळावर अख्खा धडा आहे आणि आपल्या मुली-मुलं तो परीक्षेसाठी पाठ करतात. तेव्हा घरात सगळ्यांनी मिळून वाचायला काही हरकत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपल्या घरात दिसणारं झुरळ एकाच जातीचं नसतं. मोरीच्या जाळीतून, चेंबरमधून, डक्टमधल्या पाईपवरून येणारं ते मोठं, लालसर तपकिरी, कधी कधी उडून अंगावर येणारं आणि घरातल्या मोठ्यांनाही खुर्चीवर चढवणारं, ते ‘अमेरिकन’ झुरळ. नाव अमेरिकन असलं तरी ते मूळचं आफ्रिकेतलं. दुसरं लहान, सव्वा ते दीड सेंटिमीटरचं, फिकट तपकिरी, मानेच्या ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा असलेलं. ते ‘जर्मन’ झुरळ. किचनमध्ये ट्रॉलीत, मिक्सरच्या खाली, फ्रिजच्या रबरात शेकड्यांनी राहतं ते हे. मोठं झुरळ बहुतेक वेळा बाहेरून आलेलं असतं. लहान मात्र तुमच्याच घरात जन्मलेलं असतं. जेलचा सगळा प्रश्न या लहानाचा आहे.

आणि हे जर्मन झुरळ जर्मन नाहीच. २०२४ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १७ देशांतून गोळा केलेल्या २८१ झुरळांची जनुकं त्यात तपासली गेली. निष्कर्ष असा की हे झुरळ साधारण २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात, शेतात-गवतात राहणाऱ्या आशियाई झुरळापासून वेगळं झालं आणि माणसाच्या घरात शिरलं. तिथून साधारण १२०० वर्षांपूर्वी ते पश्चिमेकडे, अरब जगात गेलं. उमय्या आणि अब्बासी काळात व्यापार आणि लष्करी हालचाली वाढल्या, त्यांच्याबरोबर ते गेलं असावं असं संशोधकांना वाटतं. दुसरी वाट पूर्वेकडची, साधारण ३९० वर्षांपूर्वीची, डच आणि इंग्रज कंपन्यांच्या जहाजांबरोबरची. युरोपात ते अडीचशे-पावणेतीनशे वर्षांपूर्वी पोचलं. तिथे १७६७ मध्ये लिनियसने त्याला नाव दिलं, म्हणून ते ‘जर्मन’ ठरलं!

आपलं सोपारा हे त्या जुन्या काळातलं नामांकित बंदर. अरब भूगोलकारांच्या लिखाणात ते ‘सुबारा’ म्हणून येतं. झुरळ याच बंदरातून गेलं असं अभ्यासात कुठेही म्हटलेलं नाही, आपणही म्हणू नये. पण गोणी, पेटारे, खजुराच्या टोपल्या जिथे चढत-उतरत होत्या तिथे हा प्राणी फुकटात प्रवास करत होता, एवढं नक्की. आजही तो तसाच येतो, कांद्या-बटाट्याच्या गोणीतून, किराण्याच्या खोक्यातून, जुन्या बाजारातून घेतलेल्या फ्रिज किंवा मायक्रोवेव्हमधून. उगाच कुणी या अभ्यासाला धर्माचा रंग द्यायला गेलं तर त्याला डच आणि इंग्रज कंपन्यांचीही आठवण करून द्यावी.

आधी वास, मग मिशा, मग मिठाई

आता त्यांच्या जोडी जमवण्याकडे येऊ. मादी शेवटची कात टाकून मोठी झाली की पाच-सहा दिवसांत तयार होते. मग ती रात्रीच्या अंधारात एका जागी थांबते, पंख किंचित वर उचलते आणि पोटाच्या टोकाकडून एक वास सोडते. आपल्याला तो येत नाही. नराला मात्र बरोबर कळतो. हा वास नेमका कशाचा, हे २००५ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलं आणि त्या द्रव्याला ‘ब्लाटेलाक्विनोन’ असं नाव दिलं. नर त्या दिशेने धावत येतो.

जवळ आल्यावर दोघं एकमेकांच्या मिशांना मिशा लावतात. तलवारबाजी चालल्यासारखं दिसतं ते. मादीच्या अंगावर मेणासारखा पातळ थर असतो. नराच्या मिशांना तो लागला की त्याला खात्री पटते की ही आपल्याच जातीची, मोठी झालेली मादी आहे. खात्री पटताच तो एकदम पाठ फिरवतो आणि पंख उभे करतो.

पाठ का फिरवतो? त्याच्या पाठीवर, पंखांच्या खाली, दोन खास ग्रंथी असतात. त्यांतून गोड आणि थोडा चरबीयुक्त रस पाझरतो. नर तो रस मादीसमोर धरतो. मादी त्याच्या पाठीवर चढते आणि चाटायला लागते. ती खाण्यात गुंतलेली असतानाच नर पोट मागे लांबवतो आणि आकड्यासारख्या अवयवाने तिला पकडतो. त्याला यासाठी फक्त तीन-चार सेकंद मिळतात. पकड बसली की दोघं पाठीला पाठ लावून, तोंडं विरुद्ध दिशेला करून, साधारण दीड तास तसेच राहतात.

आपल्याकडे सोयरीक ठरली की तोंड गोड करतात. झुरळांत उलटं आहे, आधी तोंड गोड आणि मग बाकी सगळं. ती मिठाई मादीला आवडली नाही तर ती खाली उतरून चालू लागते. जबरदस्ती करायची सोय नराकडे नाही. अख्खा व्यवहार त्या तीन-चार सेकंदांच्या गोडीवर टिकलेला असतो.

मिठाईत असतं काय? मुख्यतः माल्टोज आणि माल्टोट्रायोज नावाच्या साखरा. मोड आलेल्या धान्यात असते त्या जातीच्या. मादीच्या लाळेत या साखरा फोडणारी पाचक द्रव्यं असतात. चाटता चाटताच त्या साखरांचं ग्लुकोज होतं आणि जिभेला आणखी गोड लागतं. (झुरळाला आपल्यासारखी जीभ नसते, तोंडाजवळच्या केसांनी ते चव घेतं. पण मुद्दा तोच.)

हे ‘ग्लुकोज’ लक्षात ठेवा. सगळी गडबड इथेच आहे.

गोड कडू लागायला लागलं

१९८० च्या दशकात अमेरिकेत झुरळांसाठी विष घातलेलं आमिष बाजारात आलं. फवारणीपेक्षा ते सोपं होतं. झुरळ यावं म्हणून त्यात ग्लुकोज असलेला गोड पाक घातलेला असायचा. काही वर्षं त्याने उत्तम काम केलं. मग फ्लोरिडातल्या काही घरांत झुरळं त्या आमिषाच्या जवळून जायची पण तोंड लावायची नाहीत. सगळ्यांना वाटलं, विषाची सवय झाली असेल. ज्युल्स सिल्व्हरमन नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने एकेक घटक वेगळा करून तपासला तेव्हा भलतंच निघालं. झुरळं विषाला घाबरत नव्हती, ग्लुकोजलाच तोंड लावत नव्हती. १९९३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आणि ही खोड शिकलेली नव्हती, ती जन्मजात होती आणि आईबापांकडून पिल्लांत उतरत होती.

पुढे २०१३ मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात आयाको वाडा-कात्सुमाता, सिल्व्हरमन आणि कोबी शाल यांनी दाखवलं की या झुरळांत ग्लुकोज लागलं की ‘कडू’ सांगणारी नस जागी होते. म्हणजे साखर तोंडात गेली तरी निरोप जातो कारल्याचा.

असं कसं झालं? झुरळांनी काही ठरवून केलं नाही. हजारो झुरळांत एखाद-दुसरं असं विचित्र चवीचं आधीपासून असणार. एरवी ही चव त्याला महागच पडते, कारण चांगलं अन्नही सोडून द्यावं लागतं. पण घराघरात गोड विष ठेवलं गेल्यावर गोड खाणारी मेली आणि ही विचित्र उरली. पुढची पिढी त्यांचीच झाली. आपणच निवड केली, आपल्याला माहीतही नव्हतं.

आता सोयरिकीकडे परत या. ज्या मादीला ग्लुकोज कडू लागतं तिच्यासमोर नर ती मिठाई धरतो. ती चढते, चाटते, लाळेत साखर फुटते, ग्लुकोज होतं आणि तोंड कडू! दोन सेकंदांत ती खाली. नराची पकड बसायच्या आत मामला संपला. २०२२ मध्ये याच विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी हे कॅमेऱ्यात टिपून प्रसिद्ध केलं. विषापासून जीव वाचवणारी चव संसार मोडायला निघाली.

वाचून बरं वाटलं ना? म्हणजे त्यांची पैदास थांबणार! तेवढं सोपं असतं तर हा लेख इथेच संपला असता.

त्याच जातीच्या नरांनी दोन गोष्टी बदललेल्या दिसल्या. एक, त्यांच्या मिठाईत माल्टोज कमी आणि माल्टोट्रायोज जास्त. ही साखर मादीच्या लाळेत लवकर फुटत नाही, त्यामुळे कडू लागायला वेळ लागतो. दोन, हे नर साध्या नरांपेक्षा सुमारे सेकंदभर आधीच पकड घेतात. मिठाई बदलली आणि घाई वाढवली. इथेही नराने डोकं चालवलं असं काही नाही. ज्याची मिठाई उशिरा कडू व्हायची आणि ज्याला घाई होती, त्यालाच पिल्लं झाली, बस. पण परिणाम असा की विषाच्या एका ट्यूबने त्या प्राण्याचं जेवण बदललं आणि त्याची लग्नाची रीतसुद्धा बदलली. माझ्या मते घरगुती किड्यांबद्दलच्या अलीकडच्या शोधांत याहून मोठी गोष्ट क्वचितच असेल.

मग किचनमध्ये करायचं काय

यातून निघणारी पहिली गोष्ट: ताजं जेल लावलंय, झुरळं फिरतायत, पण ठिपके आहेत तसेच पडून आहेत, तर तेच जेल जास्त लावून उपयोग नाही. कंपनी बदला, आणि नुसतं नाव नाही, पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं औषध बदललंय का ते बघा. फिप्रोनिल असेल तर पुढच्या वेळी इमिडाक्लोप्रिड, किंवा उलट. आमिष कशाचं बनवलंय ते पाकिटावर सहसा लिहीत नाहीत, पण दुसऱ्या कंपनीचं जेल वेगळ्या चवीचं असण्याची शक्यता बरीच असते. ठिपके लहान आणि पुष्कळ हवेत, दोन-चार मोठे गोळे नकोत.

आणि जेल लावलेल्या जागी स्प्रे मारू नका. ही चूक जवळपास प्रत्येक घरात होते. स्प्रेचा वास लागला की झुरळ जेलला तोंड लावत नाही. शिवाय नुसत्या स्प्रेवर भरवसा ठेवला तर प्रतिकारशक्ती झपाट्याने वाढते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २०१९ मधल्या अभ्यासात काही ठिकाणी ती एकाच पिढीत चार ते सहा पट वाढलेली दिसली.

दुसरी गोष्ट अंड्यांची. जर्मन झुरळाच्या मादीला बहुधा आयुष्यात एकदाच नराची गरज पडते. त्या एका मिलनातलं बीज ती पोटात साठवते आणि पुढे चार-पाच किंवा जास्त वेळा अंडी घालते. म्हणून खोक्यातून आलेली एकच मादी अख्खं किचन भरायला पुरते, सोबत नर असायची गरज नाही. प्रत्येक वेळी ३० ते ४० अंडी एका छोट्या डबीत असतात, आणि ती डबी मादी पोटाच्या टोकाला धरून साधारण तीन-चार आठवडे फिरते. पिल्लं निघायच्या बेतात आली की मगच सोडते.

या काळात ती कमी खाते, कमी फिरते, फटीत दडून बसते. तुम्ही जेल लावलं त्या आठवड्यात बाकीची मेली, ही वाचली. महिन्याभराने तिची ३०-४० पिल्लं बाहेर आली तेव्हा जेल वाळून खडा झालेलं. ‘महिना-दीड महिन्याने परत तेच’ या तक्रारीचा हिशोब इथे बरोबर जुळतो. म्हणून पहिल्यांदा जेल लावल्यावर झुरळ दिसत नसलं तरी तीन-चार आठवड्यांनी पुन्हा ताजं लावा, आणि त्यानंतर एकदा आणखी. उन्हाळ्या-पावसाळ्यात पिल्लू दीड-दोन महिन्यांत मोठं होतं, तोवर साखळी तुटायला हवी.

पाणी हा तिसरा मुद्दा. अन्नाशिवाय हा प्राणी बरेच दिवस काढतो, पाण्याशिवाय दोन आठवडेही जेमतेम. सिंकखालचा ठिबकणारा पाईप, फ्रिजखालचा ट्रे, ओली पोछणी, हे त्याचे पाणवठे. रमजानमध्ये सहरीपर्यंत किचन चालूच असतं, शरबताचे ग्लास, फळांच्या साली, खजुराच्या बिया रात्रभर तशाच राहतात. आणि समोर एवढं ताजं खाणं असताना जेलकडे कोण जाणार? निदान ग्लास विसळून, ओटा कोरडा पुसून झोपावं.

बोरिक पावडरबद्दल सासूबाई बरोबर आहेत. ती चालते, हळू चालते पण चालते. मात्र पिठात-साखरेत मळलेल्या त्या गोळ्या रांगत्या मुलाच्या हाती लागता कामा नयेत. आणि धान्यात ठेवायच्या त्या विषारी गोळ्या, ज्यांतून फॉस्फिन वायू सुटतो, त्या झुरळांसाठी घरात अजिबात नकोत. आपल्या बिल्डिंगमध्ये भिंतीला भिंत आणि डक्टला डक्ट आहे. वायू शेजारच्या झोपलेल्या घरात जातो आणि जीव घेतो.

झुरळ मेलं म्हणून काम संपलं असंही नाही. त्याची विष्ठा, कात, लाळ यांतली प्रथिनं धुळीत मिसळतात आणि दम्याच्या मुलांना त्रास देतात. अमेरिकेतल्या शहरी गरीब वस्त्यांमधल्या दमेकरी मुलांचा एक मोठा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीनातल्या एकाहून जास्त मुलांना झुरळाची ॲलर्जी निघाली. ज्यांना ॲलर्जी होती आणि झोपण्याच्या खोलीतही झुरळाचा अंश जास्त होता, त्यांना दवाखान्यात जास्त वेळा दाखल करावं लागलं होतं. घरात कुणाला दमा असेल तर मेलेली झुरळं कोरड्या झाडूने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा, ट्रॉली बाहेर काढून साबणाने धुवा.

आणि ते मोठं?

मोठ्या अमेरिकन झुरळाची पद्धत साधारण अशीच, वास, मिशा, पंख उभारणं. त्याच्या मादीच्या वासाचं द्रव्य इतकं सूक्ष्म प्रमाणात असतं की १९७० च्या दशकात डच शास्त्रज्ञांनी ७५,००० माद्या वापरल्या तेव्हा हातात एक मिलिग्रॅमसुद्धा आलं नाही. पण हिची खास गोष्ट वेगळीच. नर मिळाला नाही तरी ती अंडी घालू शकते आणि त्यातून पिल्लं निघतात, सगळी मादीच. जपानच्या होक्काइडो विद्यापीठात २०१७ मध्ये दिसलं की तीन किंवा जास्त माद्या एकत्र ठेवल्या तर त्या एकटीपेक्षा लवकर अशी अंडी घालतात. नुसत्या १५ माद्यांपासून सुरू झालेली वसाहत तीन वर्षांहून जास्त टिकली.

हिच्यासाठी जेलवर पैसे घालवण्यापेक्षा वाट बंद करणं बरं. ही अंड्यांची डबी अंगावर बाळगत नाही, एक-दोन दिवसांत चेंबरच्या भिंतीला, खोक्याच्या मागे चिकटवून मोकळी होते. पावसाळ्यात आपल्या भागात गटारं तुंबली, रस्त्यावर पाणी साचलं की चेंबरमधली सगळी सेना वर येते आणि तळमजल्यावरच्या लोकांची झोप उडते. मोरीच्या जाळीवर बारीक जाळी, पाईप भिंतीत शिरतो तिथे सिमेंट, दाराखाली रबरी पट्टी, हे मे महिन्यातच करून घ्यावं. आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेंबरचा विषय काढावा. एका घराने जेल लावलं आणि बाकीच्यांनी नाही, तर शेजारच्या डक्टमधून पुन्हा भरती होते. पेस्ट कंट्रोल करायचंच असेल तर अख्ख्या विंगचं एकाच दिवशी करा आणि तीन-चार आठवड्यांनी दुसरी फेरी द्यायची, हे आधीच ठरवून पावतीवर लिहून घ्या.